आमच्या गल्लीचा क्रमांक केव्हा लागतो? – रस्त्यांविषयी वाचकांचे प्रश्न

रस्त्यांविषयी आलेल्या पत्रांतून या अंकासाठी सहा पत्रे निवडली आहेत. पत्रलेखकांची व त्यांच्या शहरांची नावे छापलेली नाहीत, कारण हे प्रश्न एकाच गावाचे नाहीत. उत्तरांतील उदाहरणे बहुतांशी पुण्याची आहेत, कारण माझा राबता त्या शहरात आहे. पण महाराष्ट्रातील मुंबईखेरीज इतर महानगरपालिकांचा कारभार १९४९ च्या एकाच कायद्याने चालतो, त्यामुळे कामाची पद्धत थोड्याफार फरकाने सर्वत्र सारखीच आढळेल.

प्रश्न : आमच्या घरासमोरचा रस्ता तीन वर्षांपासून उखडलेला आहे. आम्ही निदान दहा तक्रारी केल्या. दर वेळी दोन-चार खड्डे बुजवून माणसे निघून जातात. पलीकडचा मोठा रस्ता मात्र चांगला दिसत असूनही मार्चमध्ये पुन्हा डांबरी केला गेला. कोणता रस्ता आधी घ्यायचा हे कोण ठरवते आणि कशावरून? – एक निवृत्त शिक्षिका

आपले दोन्ही रस्ते एकमेकांना लागून असले, तरी महापालिकेच्या दप्तरात ते बहुधा वेगवेगळ्या खात्यांकडे आहेत. पुण्यात ढोबळमानाने बारा मीटरपेक्षा रुंद रस्ते पथ विभागाकडे असतात आणि त्याहून अरुंद रस्ते पंधरा क्षेत्रीय कार्यालयांकडे. दोघांची माणसे वेगळी, निविदा वेगळ्या आणि मुख्य म्हणजे अंदाजपत्रकातील तरतूद वेगळी. त्यामुळे मोठ्या रस्त्यावर खर्च झालेला पैसा आपल्या गल्लीच्या वाट्याचा होता असे म्हणता येत नाही. आपल्या गल्लीची स्पर्धा त्याच क्षेत्रीय कार्यालयाच्या हद्दीतील इतर गल्ल्यांशी असते. शिवाय शहरातून जाणारा प्रत्येक रस्ता महापालिकेचा असतोच असे नाही. काही रस्ते राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचे, काही सार्वजनिक बांधकाम विभागाचे, काही कॅन्टोन्मेंट बोर्डाचे असतात आणि सोसायटीच्या आतला रस्ता बहुतेक वेळा सभासदांचा स्वतःचा असतो. तक्रार करण्यापूर्वी रस्त्याची मालकी लेखी विचारून घेतली, तर निम्मी धावपळ वाचते.

आता आपल्या दहा तक्रारींविषयी. तक्रार नोंदवली की ती देखभाल-दुरुस्तीच्या शीर्षाखाली जाते आणि त्या शीर्षात खड्डा बुजवण्यापुरता, चेंबरचे झाकण बसवण्यापुरता, फार तर पॅचवर्कपुरता पैसा असतो. संपूर्ण गल्लीवर नवा थर टाकायचा, म्हणजे ज्याला खात्यात रिसर्फेसिंग म्हणतात ते करायचे, तर त्या कामाचे नाव अंदाजपत्रकात यावे लागते किंवा एकत्रित तरतुदीच्या कामांच्या यादीत तरी यावे लागते. म्हणजे आपण दहा वेळा योग्य गोष्ट मागितली, पण जिथून ती मिळू शकत नाही त्या खिडकीवर मागितली. तिथल्या माणसांनी त्यांच्या हातात होते तेवढे केले आणि ते आपल्याला अपुरे वाटले, यात आपली चूक नाही. ही गोष्ट कोणी आपल्याला समजावून सांगितली नाही, ही व्यवस्थेची मोठी उणीव आहे असे मी मानतो.

कामांची यादी खालून वर जाते. कनिष्ठ अभियंता आपल्या भागातील रस्त्यांची नोंद करतो, उपअभियंता आणि कार्यकारी अभियंता ती तपासून लहान करतात, दरसूचीप्रमाणे पूर्वगणनपत्रक, म्हणजे खर्चाचा अंदाज, तयार होतो आणि साधारण जानेवारीच्या सुमारास आयुक्तांचे अंदाजपत्रक स्थायी समितीसमोर येते. एक एप्रिलपासून नवे वर्ष, मग निविदा, मग कार्यादेश. मार्चमध्ये आपल्यासमोर पसरलेल्या त्या डांबराचा निर्णय त्याच्या आदल्या आर्थिक वर्षाच्या पावसाळ्याच्या आसपास केव्हातरी झालेला असतो. पावसाळ्यात आपण चिडून लिहितो तेव्हा चालू वर्षाची यादी बंद झालेली असते, पण पुढच्या वर्षाची यादी नुकतीच उघडत असते. माझ्या मते या सगळ्या विषयातील सर्वांत उपयोगाची गोष्ट हीच आहे, म्हणून पुढच्या उत्तरांतही ती पुन्हा येईल.

यादी लहान करताना पाहायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत. रस्त्यावरून किती आणि कशी वाहने जातात, बसमार्ग आहे का, रुग्णालय, शाळा किंवा मंडई जवळ आहे का, पृष्ठभागाची अवस्था काय, पाणी कुठे साचते, खालून एखादी वाहिनी टाकायची राहिली आहे का आणि मागच्या ठेकेदाराच्या दोष दायित्वाची मुदत, म्हणजे रस्ता बिघडल्यास त्याने स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचा काळ, संपली आहे का. वाहनांचा प्रकार इतका महत्त्वाचा का, याचे उत्तर अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात झालेल्या चाचण्यांनी दिले : आसावरचे वजन दुप्पट झाले की रस्त्याची झीज दुप्पट होत नाही, सुमारे सोळापट होते. स्कूटर आणि मोटारी कितीही धावल्या तरी रस्त्याला फारसे काही होत नाही. रस्ता मोडतो तो भरलेल्या ट्रकने, टँकरने आणि बसने. मोठा रस्ता यादीत वर असण्याचे हे खरे तांत्रिक कारण आहे.

आणि तो ‘चांगला दिसत असताना’ का केला? डांबरी पृष्ठभाग केसासारख्या बारीक भेगांच्या अवस्थेत असताना वरचा थर नवा केला, तर खालची खडी शाबूत राहते. त्या भेगांतून दोन पावसाळे पाणी झिरपू दिले की खालचा पाया हलतो आणि मग रस्ता मुळापासून खणून करावा लागतो, ज्याचा खर्च कितीतरी पट असतो. कौलारू घरे आपण पावसाळ्याआधी शाकारत असू. छप्पर गळू लागेपर्यंत थांबत नसू, हा विचार तोच आहे. त्यामुळे केवळ ‘सर्वांत वाईट रस्ता आधी’ असा क्रम लावणारे शहर दर वर्षी अधिक पैसे खर्च करून अधिक वाईट रस्ते पदरात पाडून घेते.

तरीही हा युक्तिवाद कोणी तोंडी केला म्हणून मान्य करू नये. चांगला दिसणारा रस्ता खरोखर नूतनीकरणाला आला होता की नाही, हे पाहणीच्या नोंदीवरून दाखवता आले पाहिजे. कारण यादी अभियंत्यांच्या हातून निघाली, तरी ती तशीच राहत नाही. पुण्याच्या अंदाजपत्रकात नगरसेवकांनी सुचवलेल्या प्रभागातील कामांना ‘स यादी’ म्हणतात, आणि वर्षाच्या मध्यात एका कामाचा निधी दुसऱ्या कामाकडे वळवण्याला ‘वर्गीकरण’. दोन्ही गोष्टी नियमात बसतात आणि दोन्हींचे चांगले उपयोग मी पाहिले आहेत. पण गरीब वस्तीतील गटाराचा निधी वर्गीकरणाने चांगल्या भागातील सुशोभीकरणाकडे गेला, तर त्याची बातमीसुद्धा होत नाही, आणि याचे मला मनापासून दुःख होते. आपण क्षेत्रीय कार्यालयाला लेखी विचारावे की आमच्या रस्त्याची शेवटची पाहणी कधी झाली, तो कोणत्या यादीत आहे आणि नसल्यास का नाही. दहा तक्रारींपेक्षा ही तीन वाक्ये अधिक काम करतील.

प्रश्न : नवा डांबरी रस्ता झाला आणि सव्वा महिन्यात केबलसाठी खोदला. दोन खाती एकमेकांना विचारत नाहीत का? – एक दुकानदार

विचारावे असा नियम आहे. रस्त्याच्या पोटात पिण्याच्या पाण्याची वाहिनी, मैलापाण्याची वाहिनी, पावसाळी गटार, वीज, गॅस आणि केबल इतक्या गोष्टी असतात आणि त्यांचे मालक वेगवेगळे असतात. योग्य क्रम असा की खोल जाणारी मैलावाहिनी आधी, मग पावसाळी गटार आणि पाणी, मग वीज व केबल, आणि हे सगळे संपल्यावर डांबर. क्रम बिघडतो तो बहुधा पैशाच्या वर्षामुळे. डांबरीकरणाची तरतूद ३१ मार्चपर्यंत खर्च झाली नाही तर ती बुडते, म्हणून पथ विभाग घाई करतो. केबलच्या परवानगीचे शुल्क त्याच महिन्यात भरले गेले, म्हणून खोदाईही थांबत नाही.

पुण्यात खोदाईची परवानगी साधारण ऑक्टोबर ते एप्रिलअखेर देतात आणि पावसाळ्यात फक्त अत्यावश्यक दुरुस्तीला मुभा असते. समान पाणीपुरवठा योजनेसाठी शहरभर शेकडो किलोमीटर जलवाहिन्या टाकल्या गेल्या, तेव्हा या मोसमाची किती ओढाताण झाली हे पुणेकरांना आठवत असेल. ते काम गरजेचे होते. पण ज्या रस्त्याखालून पुढील दोन वर्षांत वाहिनी जाणार आहे, तो रस्ता नूतनीकरणाच्या यादीत घेऊच नये, एवढा एक नियम काटेकोर पाळला तरी मोठी नासाडी थांबेल.

आपण खोदणाऱ्या माणसाकडे परवानगीपत्राची प्रत मागा. त्यावर लांबी, रुंदी, मुदत आणि चर बुजवण्याची जबाबदारी कोणाची हे लिहिलेले असते. चर बुजवताना पाहायची गोष्ट एकच : माती एकदम लोटून वरून खडी टाकतात, की थराथराने भरून प्रत्येक थर दाबतात. एकदम भरलेला चर पहिल्या पावसात हमखास खचतो आणि त्याच्या कडेने नवा रस्ताही फाटतो.

प्रश्न : पावसाळ्यात बुजवलेला खड्डा आठ दिवसांत पुन्हा का पडतो? – एक रिक्षाचालक

तीन कारणे आहेत : पाणी, थंडावलेला माल आणि खड्ड्याच्या कडा.

गरम डांबरमिश्रित खडी रस्त्यावर पसरताना तिचे तापमान साधारण १४० अंश सेल्सिअस असावे लागते आणि ते ९० अंशांच्या खाली जाण्याआधी रोलर फिरून व्हावा लागतो. पुण्यात महापालिकेचा हॉट मिक्स प्रकल्प येरवड्यात आहे. तिथून निघालेला डंपर वाहतुकीत अडकून पाऊण-एक तासाने दुसऱ्या टोकाला पोचला, वर पावसाची भुरभुर असली, आणि ताडपत्री नीट झाकलेली नसली, तर खाली पडणारी खडी दिसायला काळी असते पण एकमेकांना धरत नाही. हाताने चुरडली तरी सुटते. म्हणून भर पावसात थंड मिश्रण किंवा पेव्हर ब्लॉक वापरतात. ती तात्पुरती मलमपट्टी असते आणि पाऊस उघडल्यावर ती काढून पक्के काम करायचे असते. ते दुसरे काम राहून जाते.

पक्क्या कामाची रीत आपण एकदा थांबून पाहावी, कारण ती कळली की चुकीचे काम कोणालाही ओळखता येते. गोल खड्ड्याभोवती चौकोन आखतात आणि त्या रेषेवर मशीनने उभा काप घेतात, म्हणजे कडा उतरत्या न राहता भिंतीसारख्या सरळ होतात. आतली सैल खडी, चिखल आणि पाणी काढून खड्डा कोरडा करतात. तळाला आणि कडांना पातळ डांबराचा हात देतात, त्याला टॅक कोट म्हणतात. मग माल थराने भरून कडेकडून मध्याकडे दाबत येतात, आणि शेवटी कडांची फट बुजवतात. यात वेळ जातो तो चौकोन कापण्यात आणि वाळवण्यात, आणि नेमक्या याच दोन गोष्टी गाळल्या जातात. ओल्या, उतरत्या कडांच्या खड्ड्यात फावड्याने टाकलेला माल तुमच्या रिक्षाच्या चाकाखाली आठ दिवस टिकला, तरी पुष्कळ झाले.

खड्डा एकाच जागी पुन्हा पुन्हा पडत असेल, तर दोष वरच्या डांबरात नसून खाली आहे. तिथे पाणी साचत असेल किंवा जलवाहिनी गळत असेल. अशा जागेची तक्रार ‘खड्डा’ म्हणून न करता ‘पाणी साचते’ किंवा ‘गळती आहे’ म्हणून नोंदवा, म्हणजे ती योग्य खात्याकडे जाईल.

प्रश्न : आमचे घर १९७२ चे आहे. रस्त्यावर थरावर थर पडत गेले आणि आता जोत्याची एकच पायरी वर उरली आहे. आता काँक्रीट करणार म्हणतात. संमती द्यावी का? – वाड्यात राहणारे एक वाचक

संमती देण्याआधी एक आकडा लेखी मागा : पूर्ण झालेल्या रस्त्याची पातळी आपल्या जोत्यापासून किती खाली असेल. जुना थर खरवडून काढला, ज्याला मिलिंग म्हणतात, तर पातळी वाढत नाही. पण खरवडणे हा निविदेतील स्वतंत्र खर्च असतो आणि तो वगळला की काम स्वस्त दिसते. त्या स्वस्ताईचे पैसे पुढे आपण भरता, घरात शिरलेल्या पाण्याच्या रूपाने. त्यामुळे पूर्वगणनपत्रकात मिलिंग किंवा खोदाई धरली आहे का, हे पाहिल्याशिवाय होकार देऊ नका.

काँक्रीट चांगले की डांबर, याचे सरसकट उत्तर देण्याचे मी नेहमी टाळतो. काँक्रीटचा रस्ता नीट केला तर वीस-तीस वर्षे टिकतो, पाण्याने त्याचे डांबरासारखे हाल होत नाहीत आणि पावसाळ्यात ओला राहणाऱ्या, जड वाहनांच्या रस्त्याला तो योग्य आहे. मुंबईत सरसकट काँक्रीटीकरणाचा निर्णय याच विचाराने घेतला गेला. पण जुन्या पेठेतल्या अरुंद गल्लीखाली पन्नास-साठ वर्षांच्या वाहिन्या असतील, तर त्या आधी बदलल्याशिवाय वर काँक्रीट ओतणे म्हणजे उद्या ते फोडण्याची सोय आजच करून ठेवणे आहे. फोडलेल्या काँक्रीटला पूर्वीसारखा सांधा बसत नाही.

डांबरही टिकते, ते नीट केले तर. पुण्याचा जंगली महाराज रस्ता १९७० च्या दशकात रेकॉन्डो या कंपनीने दहा वर्षांच्या हमीवर केला आणि त्यानंतर कित्येक दशके तो पुणेकरांच्या बोलण्यात चांगल्या रस्त्याचे माप म्हणून राहिला. आज डांबरी कामांच्या दोष दायित्वाची मुदत बहुधा तीनेक वर्षांची असते. माझ्या मते प्रश्न डांबराचा की सिमेंटचा हा नाहीच. हमी किती वर्षांची आणि ती वसूल कोण करतो, हा आहे.

प्रश्न : माझी आई ७८ वर्षांची आहे. तिला घरापासून दवाखान्यापर्यंत तीनशे मीटर चालता येत नाही, कारण पदपथच नाही. रस्ता रुंद करण्यासाठी मात्र पैसे आहेत. पायी चालणारे कोणत्या यादीत असतात? – एक गृहिणी

आपले पत्र मी दोनदा वाचले. आईंना चालता येते. चालायला जागा नाही. हा फरक आपल्या शहरांच्या अंदाजपत्रकात अजून पुरेसा उतरलेला नाही.

रस्तारुंदीला कायद्याचा मोठा आधार आहे. विकास आराखड्यात रस्त्याची रुंदी ठरते, महापालिका अधिनियमाच्या कलम २१० खाली रस्त्याची नियमित रेषा आखता येते आणि त्या रेषेत येणारी जागा घेता येते. मोठे काम, मोठी निविदा, उद्घाटन. पदपथाचे काम मात्र लहान, किचकट आणि भांडणाचे असते : एका घराचा उतार, दुसऱ्या दुकानाची पायरी, विजेचा डीपी, झाड, हातगाडी. फेरीवाल्यांच्या पोटावर पाय न देता ती जागा मोकळी करायची, तर २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे त्यांना पर्यायी जागा नेमून द्यावी लागते, आणि ते काम पथ विभाग एकटा करू शकत नाही.

मापे मात्र ठरलेली आहेत. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे पदपथावर चालण्यासाठी किमान १.८ मीटर रुंदी निर्वेध मोकळी हवी, म्हणजे दोन चाकखुर्च्या समोरासमोर आल्या तरी जाऊ शकतील. आणि कर्बची, म्हणजे पदपथाच्या कडेची, उंची १५० मिलिमीटरपेक्षा अधिक नको. ही संस्था १९३४ मध्ये स्थापन झाली ती ज्या समितीच्या शिफारशींनंतर, त्या रस्ते विकास समितीचे अध्यक्ष डॉ. मुकुंदराव जयकर होते, हे मराठी वाचकांना ठाऊक असावे म्हणून सांगतो. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले, रस्त्यांच्या रचनेची मार्गदर्शक तत्त्वेही केली आणि जंगली महाराज रस्त्यावर रुंद पदपथ करून दाखवले. ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्ता वाहनांसाठी बंद ठेवून पादचारी दिन साजरा होतो, त्या दिवशी तिथे गेलात तर म्हातारी माणसे रस्त्याच्या मधोमध निवांत चालताना दिसतील.

धोरण आहे म्हणजे हक्काने मागायला कागद आहे. आपण ‘पदपथ करा’ एवढेच न लिहिता त्या तीनशे मीटरची पायी पाहणी करून लिहा : कुठे अडथळा आहे, कर्ब किती उंच आहे, रस्ता ओलांडायला जागा कुठे हवी. काम तुकड्यांत मागा. पुण्यात २००६ पासून नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक ही पद्धत आहे. त्यात लहान कामे नागरिक स्वतः सुचवू शकतात आणि पदपथाची दुरुस्ती, उतार, दिवा, बाक ही त्याच मापाची कामे आहेत. अर्ज बहुधा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये क्षेत्रीय कार्यालयात घेतात. आपल्या शहरात अशी पद्धत नसेल, तर त्याच महिन्यांत प्रभाग समितीकडे किंवा नगरसेवकाकडे हाच कागद द्या. आणि आईंना शक्य असेल तर त्यांनाही सोबत न्या. खुर्चीत बसलेल्या अधिकाऱ्याला १५० मिलिमीटर हा आकडा असतो. समोर उभ्या असलेल्या आजींनी पाय उचलून दाखवला की त्याला ती पायरी दिसते.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या गटाला परिसरातील रस्त्यांची पाहणी करायची आहे. आम्ही काय नोंदवावे, आणि खड्ड्यामुळे कोणी जखमी झाले असेल तर कायद्याने काय करता येते? – एक विद्यार्थी

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. रस्त्यांच्या दुरवस्थेविषयी न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी लिहिलेल्या पत्राची मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्वतःहून जनहित याचिका करून घेतली, आणि सुस्थितीतील रस्ता हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग आहे असे त्या प्रकरणात स्पष्ट केले. १३ ऑक्टोबर २०२५ च्या आदेशात न्यायालयाने खड्ड्यामुळे किंवा उघड्या चेंबरमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये आणि जखमीला दुखापतीच्या प्रमाणात ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई ठरवून दिली, तसेच निदर्शनास आणून दिलेल्या खड्ड्याची दुरुस्ती ४८ तासांत व्हावी असे सांगितले. त्यामुळे तक्रारीची तारीख आणि वेळ यांना आता पुराव्याचे मोल आहे. प्रत्येक तक्रारीची पोच जपून ठेवा.

पाहणीसाठी मोजपट्टी, वही, फोन आणि पाण्याची एक बादली घ्या. मी नोकरीला लागलो तेव्हा एक वयस्कर मुकादम नव्या रस्त्याची तपासणी अशीच करीत. रस्त्याच्या मधोमध बादली ओतायची, कडुनिंबाची चार पाने त्या पाण्यात सोडायची आणि काही न बोलता उभे राहायचे. रस्त्याचा मध्य किंचित उंच आणि कडेला दोन-अडीच टक्के उतार असेल, तर पाने सरळ गटाराच्या जाळीकडे जातात. एकदा पाने जाळीच्या दीड हात अलीकडे थांबली आणि तिथेच फिरत राहिली. मुकादमांनी खडूने तिथे गोल काढला. दिवाळीपर्यंत त्या गोलात खड्डा पडलेला मी पाहिला. तेव्हापासून रस्ता पाहताना माझी नजर डांबराआधी पाण्याकडे जाते.

तेव्हा तुम्ही दर पन्नास मीटरवर एवढे नोंदवा : पाणी कुठे जाते आणि कुठे थांबते, चेंबरचे झाकण रस्त्याच्या पातळीत आहे, की वर किंवा खाली आणि किती सेंटिमीटर, गटाराची जाळी उघडी की बुजलेली, भेगा बारीक आहेत, की मगरीच्या पाठीसारख्या जाळीदार, पदपथाची मोकळी रुंदी, रात्री दिवा लागतो का. जाळीदार भेगा दिसल्या तर पाया गेला असे समजा, नुसत्या थराने तो रस्ता सुधारणार नाही. प्रत्येक नोंदीला छायाचित्र, तारीख आणि जवळच्या विजेच्या खांबाचा क्रमांक द्या, म्हणजे अभियंत्याला जागा शोधावी लागणार नाही.

यासोबत कागदही पाहा. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कार्यालयांत सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत असा राज्य शासनाचा २०१८ चा निर्णय आहे. माहितीचा अधिकार अधिनियम २००५ च्या कलम २ मध्ये तर कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क दिलेला आहे. तो फार थोडे लोक वापरतात. कार्यादेश, मोजमाप पुस्तिका आणि दोष दायित्वाची मुदत एवढी तीन कागदपत्रे प्रत्येक रस्त्याची मागा. ज्या रस्त्याची मुदत संपलेली नाही, तिथला खड्डा ठेकेदाराने स्वखर्चाने भरायचा असतो. तसे रस्ते वेगळे काढा, कारण त्यांच्यासाठी अंदाजपत्रकाची वाट पाहण्याचे कारणच नाही.

पाहणी जूनच्या शेवटी, दोन-तीन चांगले पाऊस पडून गेल्यावर सुरू करा. कोरड्या रस्त्यावर पाणी दिसत नाही, आणि परीक्षा आटोपून हिवाळ्यात निघालात तर यादी बंद झालेली असेल. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात वही पूर्ण करून तिच्या दोन प्रती काढा. एक क्षेत्रीय कार्यालयात आवक क्रमांक घेऊन द्या आणि दुसरी पुढच्या वर्षीच्या गटासाठी महाविद्यालयात ठेवा, म्हणजे त्यांना त्याच खांबांपाशी उभे राहून काय बदलले ते मोजता येईल.